बाप, लेक आणि बंड : वारणाकाठ ते हॉलिवूड, १४ भन्नाट गोष्टी

गुन्हेगारीच्या जगातला बाप आणि त्याच्या वाटेला लागलेला मुलगा, ही हॉलिवूडची लाडकी जोडी. ‘द गॉडफादर’ने १९७२ साली सगळ्या जगाला या जोडीचं वेड लावलं. पण सातारा-सांगलीच्या माणसाने या बाबतीत मान ताठ ठेवावी! आपल्याकडचे रानोजी आणि फकिरा हे बाप-लेक त्याआधी १३ वर्षं अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीत अवतरले होते. हॉलिवूडचा बाप मुलाला गादी देतो. वारणाकाठचा बाप मुलाला देतो गावाचा मान आणि तो राखायची जबाबदारी. हा फरक लक्षात ठेवा आणि पुढच्या गोष्टी वाचा.

१. दोन जिल्हे, एकच घर

सातारा आणि सांगली आज दोन जिल्हे असले तरी त्यांची गोष्ट एकत्रच सांगावी लागते. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून १९२० साली वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात जन्मलेले अण्णा भाऊ साठे जन्माने सातारा जिल्ह्याचे आणि आजच्या नकाशाप्रमाणे सांगलीचे. दोन्ही जिल्ह्यांनी त्यांच्यावर हक्क सांगावा, दोघांचाही खरा आहे. आणि बंडखोरांची यादी करायला बसलं की या वाळवा तालुक्याचं नाव पुन्हा पुन्हा येतं. पुढे येईलच.

२. १९३१ : तिकडे पोलीस बापाचा पट्टा, इकडे पायी प्रवास

हॉलिवूडच्या गुंडपटांचा पाया १९३१-३२ मध्ये घातला गेला. ‘लिटल सीझर’, ‘द पब्लिक एनिमी’ आणि ‘स्कारफेस’ हे तीन चित्रपट पाठोपाठ आले. त्यातला ‘द पब्लिक एनिमी’ बाप-लेकाच्या दृष्टीने फार बोलका आहे. जेम्स कॅग्नीने रंगवलेला टॉम पॉवर्स पुढे नामचीन गुंड होतो, आणि त्याचा बाप असतो पोलीस! हा बाप पडद्यावर एक शब्द बोलत नाही, पोराला पट्ट्याने फोडून काढतो फक्त. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती. १९२० पासून १९३३ पर्यंत चाललेल्या या बंदीनेच चोरट्या दारूच्या टोळ्या पोसल्या, आणि त्या टोळ्यांनी सिनेमाला गोष्टी पुरवल्या.

त्याच सुमाराला वाटेगावचं साठे कुटुंब पोटासाठी मुंबईची वाट चालत होतं. गाडीभाड्याला पैसे नव्हते, म्हणून पायी. त्या घोळक्यात तुकाराम नावाचा एक मुलगा होता. पुढे जग त्याला अण्णा भाऊ म्हणून ओळखणार होतं.

३. सिनेमाच्या पाट्यांवर गिरवलेली बाराखडी

अण्णा भाऊंची शाळा जेमतेम दीड दिवसाची. मग अक्षरं कुठे शिकले? मुंबईतल्या दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत वाचत, असं त्यांची चरित्रं सांगतात. ज्याने अक्षर ओळखलं ते सिनेमाच्या जाहिरातींवरून, त्याच्याच कादंबऱ्यांवर पुढे ओळीने मराठी चित्रपट निघाले. गिरणीत, गोदीत आणि मिळेल तिथे राबत त्यांनी तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. कथा, लोकनाट्यं, पोवाडे आणि लावण्या वेगळ्याच. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि कामगार वस्त्या दणाणून सोडल्या.

४. बापाने आणली जोगणी

‘फकिरा’ची सुरुवात फकिरापासून होत नाही, ती त्याच्या बापापासून होते. वाटेगावला जत्रेचा मान नाही, ही सगळ्या गावाची खंत. शिगावच्या जत्रेतली जोगणी, म्हणजे जत्रेच्या मानाचं प्रतीक, जो आपल्या गावाच्या हद्दीत आणील, त्याच्या गावाला जत्रेचा मान मिळतो, असा जुना रिवाज. रानोजी मांग हे काम अंगावर घेतो. एकटा शिगावात शिरतो, जोगणी उचलतो आणि गबऱ्या नावाच्या घोड्यावरून वाटेगावच्या शिवेत येतो. शीव ओलांडल्यावर हात उगारायचा नाही, हाही रिवाजच. शिगावकर तो मोडतात आणि रानोजीचा जीव घेतात.

एवढ्या वेगवान सुरुवातीचा हेवा कुठल्याही पटकथाकाराला वाटेल. पैज, पाठलाग, घोडा, दगा आणि मागे राहिलेला लहानगा मुलगा, सगळं पहिल्याच झपाट्यात! फकिरा मोठा होतो तो या बापाच्या मरणाच्या सावलीत, आणि गावाने त्या मरणाला दिलेल्या मानाच्या उजेडातही.

५. गुन्हा न करताच गुन्हेगार

अमेरिकेतल्या टॉम पॉवर्सने गुन्हा केला म्हणून तो गुन्हेगार ठरला. फकिराच्या माणसांना मात्र सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. गावच्या चावडीवर रोजची हजेरी, परगावी जायचं तर परवानगी, गावात चोरी झाली की पहिला संशय यांच्यावर. मूल चालायला लागण्याआधी त्याच्या कपाळी शिक्का बसत असे. स्वातंत्र्यानंतर हा कायदा गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ या दिवशी या जमाती शिक्क्यातून मुक्त झाल्या. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. फकिराचं बंड समजून घ्यायचं तर आधी ही हजेरी समजून घ्यायला हवी. दुष्काळात माणसं भुकेने तडफडत असताना तो धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो आणि वाटून टाकतो. स्वतःसाठी वाडा बांधत नाही.

६. शेवट सारखा, कारण वेगळं

१९३४ पासून हॉलिवूडवर ‘हेज कोड’ची कडक अंमलबजावणी सुरू झाली. पडद्यावरच्या गुन्हेगाराला शेवटी शिक्षा झालीच पाहिजे, प्रेक्षकाची सहानुभूती त्याच्याकडे झुकता कामा नये, असा तो दंडक. त्यामुळे त्या काळातला नायक कितीही देखणा असो, त्याचा शेवट ठरलेला!

फकिराही शेवटी सरकारच्या हाती लागतो. पण इंग्रज त्याला पकडू शकत नाहीत. ते त्याच्या घरच्यांना आणि भावकीला डांबून ठेवतात, आणि आपल्यामुळे निरपराध माणसं हाल सोसताहेत हे कळल्यावर तो स्वतःहून समोर येतो. कुठल्याही नियमावलीने लिहायला लावलेला हा शेवट नाही. बापाने गावासाठी जीव दिला, मुलाने माणसांसाठी दिला. कादंबरीचं वर्तुळ तिथे पुरं होतं.

७. दोन ओंजळी सुरती रुपये

फकिरा कल्पनेतला नाही. तो वाटेगावचाच, साठ्यांच्या नात्यातला. अण्णा भाऊंच्या जन्माची एक आठवण त्या भागात आवडीने सांगितली जाते. खजिना लुटून परतलेला फकिरा साठ्यांच्या घरी आला, घरात नुकतंच बाळ जन्मलेलं, तेव्हा त्याने बाळंतिणीसाठी दोन ओंजळी सुरती रुपये दिले. त्या बाळाने मोठेपणी ते ऋण कादंबरी लिहून फेडलं. आणि ती कादंबरी अर्पण केली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. फकिराची तलवार आणि बाबासाहेबांची लेखणी, दोन्ही एकाच लढ्याची हत्यारं आहेत हे अण्णा भाऊंनी अर्पणपत्रिकेतच सांगून टाकलं.

८. १९५९ चा जबरदस्त योगायोग

‘फकिरा’ १९५९ साली आली. त्याच वर्षी मराठीत आणखी एक गाजलेली बाप-लेकाची कादंबरी आली. ती ‘ययाति’! लेखक वि. स. खांडेकर, जन्म १८९८, गाव सांगली. एका कादंबरीत बाप मुलाकडे त्याचं तारुण्य मागतो. दुसरीत मुलगा बापाचं अपुरं राहिलेलं काम खांद्यावर घेतो. दोन्ही लेखक आजच्या सांगली जिल्ह्यात जन्मलेले, वर्षही एकच. त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे ‘फकिरा’ला प्रस्तावना लिहिली ती खांडेकरांनीच. पुढे ‘फकिरा’ला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला आणि १९७४ साली खांडेकर ज्ञानपीठ मिळवणारे पहिले मराठी लेखक ठरले.

९. ‘छाया’ : बापाच्या गुन्ह्याचा डाग

खांडेकरांनी हा विषय आधीच हाताळला होता, तोही सिनेमात. १९३६ साली हंस पिक्चर्सने ‘छाया’ काढला. कथा खांडेकरांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. अडचणीत सापडलेला बाप गुन्हा करून बसतो, तुरुंगात जातो, आणि समाज त्याची शिक्षा मुलाकडून वसूल करत राहतो. मुलगा कवी, मनाने निर्मळ, पण ‘कैद्याचा मुलगा’ ही ओळख त्याला सोडत नाही. या कथेसाठी खांडेकरांना गोहर सुवर्णपदक मिळालं. राज कपूरच्या ‘आवारा’ने बाप-लेक आणि गुन्हा हा प्रश्न १९५१ साली देशभर नेला. सांगलीच्या लेखकाने तो १५ वर्षं आधी विचारला होता.

‘आवारा’ची एक गंमतही इथेच सांगून टाकतो. त्यात पडद्यावर न्यायाधीश बाप आणि चोर मुलगा झालेले पृथ्वीराज आणि राज हे खरेखुरे बाप-लेक. शिवाय पृथ्वीराजांचे वडीलही त्यात न्यायाधीशाच्या खुर्चीवर दिसतात आणि धाकटा शशी लहानपणच्या नायकाच्या भूमिकेत. एका घरच्या तीन पिढ्या, एकच चित्रपट!

१०. पडद्यावर वाघांची डरकाळी

साठ आणि सत्तरच्या दशकांत अण्णा भाऊंच्या साहित्यावर चित्रपटांची रांग लागली. ‘वैजयंता’ (१९६१), ‘फकिरा’ (१९६३), ‘डोंगरची मैना’ आणि ‘टिळा लाविते मी रक्ताचा’ (दोन्ही १९६९), ‘वारणेचा वाघ’ (१९७०), ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ (१९७४). यातला ‘वारणेचा वाघ’ म्हणजे सत्तू भोसले, सावकाराच्या आणि इंग्रजांच्या विरुद्ध उभा राहिलेला वारणा खोऱ्याचा बंडखोर. डोंगर, ओढे, उसाचे मळे आणि बिनतोड रांगडी बोली, याला शिकागोच्या काळोख्या गल्ल्यांची गरजच नव्हती. दुःख एवढंच की यांतले काही चित्रपट अण्णा भाऊंना पाहायला मिळाले नाहीत. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशी गाठण्याआधीच ते गेले.

११. आगगाडी लुटली, पण लुटारू म्हणायचं नाही

७ जून १९४३. सातारा जिल्ह्यातल्या शेणोलीजवळ क्रांतिकारकांनी रेल्वेच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली आणि पैसे ताब्यात घेतले. दृश्य थेट एखाद्या हॉलिवूडपटातलं. पण ही माणसं होती प्रतिसरकारची, म्हणजे इंग्रजांना न जुमानता उभारलेल्या समांतर सरकारची, क्रांतिसिंह नाना पाटलांची. त्याच्या तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ हे कुंडलचे. आम्ही लूट केली नाही, इंग्रजांनी आमच्या लोकांचा लुटलेला पैसा परत आणला, असं कॅप्टन भाऊ अगदी म्हातारपणीही ठणकावून सांगत. आणखी एक तपशील फार महत्त्वाचा आहे. इंग्रजांशी लढतानाच या प्रतिसरकारने गावोगावच्या दरोडेखोर टोळ्यांचा बंदोबस्त केला आणि न्यायनिवाडे चालवले. बंडखोर आणि गुंड यांच्यातली रेघ या मातीने स्वतः आखून दाखवली. आणि नाना पाटलांचं गाव येडेमच्छिंद्र कुठल्या तालुक्यात? वाळवा!

१२. बोरगावचा ढाण्या वाघ

याच वाळवा तालुक्यातलं बोरगाव. तिथले बापू बिरू वाटेगावकर यांचं आयुष्य म्हणजे चालताबोलता चित्रपट. गावाला छळणाऱ्या गुंडाचा त्यांनी खून केला आणि मग कित्येक वर्षं पोलिसांना हुलकावणी दिली. वाट चुकलेल्या पोटच्या मुलालाही त्यांनी माफ केलं नाही, त्याचा जीव घेतला, असं त्यांच्या आयुष्याविषयीच्या वृत्तांतांमध्ये येतं. जन्मठेप भोगून बाहेर आल्यावर त्यांनी अध्यात्माची वाट धरली आणि ते व्यसनांच्या विरोधात लोकांना उपदेश करत राहिले. २०१८ च्या जानेवारीत, शंभरीच्या उंबरठ्यावर त्यांचं निधन झालं. त्यांच्यावर चित्रपट निघाला, पोवाडे झाले. खून हा खूनच असतो आणि त्याचं कौतुक होऊ नये. पण कायदा गावापर्यंत पोचत नाही तेव्हा लोक कोणाकडे पाहायला लागतात, हे या आयुष्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. इथे बापाचं प्रेम आणि बापाचा न्याय समोरासमोर येतात, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो.

१३. पडद्यामागचे बाप-लेक : कोपोला आणि कवलापूरकर

‘द गॉडफादर’च्या व्हिटो कॉर्लिओनीने एक विक्रम केला. ही भूमिका मार्लन ब्रँडोने केली आणि ऑस्कर मिळवलं. १९७४ च्या दुसऱ्या भागात तरुण व्हिटो रॉबर्ट डी नीरोने केला, त्यालाही ऑस्कर! एकाच पात्रासाठी दोन नटांना ऑस्कर मिळण्याची ती पहिली वेळ. आणि त्या दुसऱ्या भागाच्या संगीताचं ऑस्कर नीनो रोटाबरोबर कोणाला मिळालं? दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचे वडील कार्माइन कोपोला यांना. बाप-लेकाच्या गोष्टीला बाप-लेकाचाच हात लागला होता.

आपल्याकडे सांगलीजवळचं कवलापूर बघा. आधी सातू-हिरू, मग शिवा-संभा, मग काळू-बाळू, असा तमाशाचा फड पिढ्यान्‌पिढ्या एका घरात चालला. काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात ते हवालदार होऊन उभे राहिले की हसून हसून लोकांच्या पोटात दुखायचं. त्या वगातल्या पात्रांची नावं काळू आणि बाळू, आणि तीच पुढे या भावांची कायमची ओळख बनली.

१४. बिहारचे गुंड आले साताऱ्याला

प्रकाश झांच्या ‘गंगाजल’ (२००३) आणि ‘अपहरण’ (२००५) या चित्रपटांतलं बिहार खरं तर बरंचसं सातारा-वाईच्या परिसरातलं आहे. ‘अपहरण’ तर अस्सल बाप-लेकाचा गुंडपट. तत्त्वनिष्ठ प्राध्यापक बाप आणि नोकरीसाठी धडपडता धडपडता अपहरणाच्या टोळीत शिरलेला मुलगा. बाप झालेत आपले डॉ. मोहन आगाशे, मुलगा अजय देवगण, आणि त्या मुलाला स्वतःकडे खेचून घेणारा बाहुबली नाना पाटेकर. चित्रपटाला पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि नानांना खलनायकाचं फिल्मफेअर. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. ‘शूल’ (१९९९) मधला बिहारचा दहशत माजवणारा पुढारी बच्चू यादव म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या वेळेकामथीचे सयाजी शिंदे! तेच सयाजी आता उजाड माळांवर झाडं लावत फिरतात.

वाईचा आणखी एक धागा थेट सांगलीला जाऊन भिडतो. शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’ला टोळीयुद्धाचा साज चढवणारा ‘ओमकारा’ (२००६) वाईत चित्रित झाला. आणि त्याच ‘ऑथेल्लो’चं ‘झुंझारराव’ हे मराठी नाटक एकोणिसाव्या शतकातच केलं होतं गोविंद बल्लाळ देवलांनी, सांगलीजवळच्या हरिपूरच्या सुपुत्राने. सांगलीत तर विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगवून मराठी रंगभूमीचा नारळ फोडला. नाट्य इथल्या पाण्यातच आहे.

आता पुढे काय?

हा वारसा थांबलेला नाही. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने (२०१८) जमीन विकून देशोधडीला लागलेला बाप आणि गुंड झालेला मुलगा दाखवला. मोहन जोशी आणि ओम भूतकर यांनी ती जोडी इतकी खरी उभी केली की २०२१ साली ‘अंतिम’ नावाने हिंदीत तिची आवृत्ती निघाली. त्यात बाप झाले सचिन खेडेकर. गोष्ट पुणे जिल्ह्याची, पण सातारा-सांगलीत महामार्गालगत जमीन असलेल्या प्रत्येक घराला ती आपली वाटली.

‘द गॉडफादर’मधल्या व्हिटोच्या मुलाला, मायकेल कॉर्लिओनीला, बापाची सत्ता मिळते आणि तो एकटा पडत जातो. टॉम पॉवर्सला बापाचा पट्टा मिळतो आणि तो रस्त्यावर वाढतो. फकिराला बापाकडून एक पैसा मिळत नाही, मिळतं ते गावाने डोक्यावर घेतलेलं नाव. तेवढ्यावर तो सरकारशी भांडतो. म्हणून ‘द गॉडफादर’ जरूर पाहा, पुन्हा पुन्हा पाहा. पण घरात दहावी-बारावीतलं पोर असेल तर सुट्टीत त्याच्या हातात ‘फकिरा’ ठेवा. पुस्तक जाडजूड नाही, भाषा आपल्या खोऱ्यातली आहे, आणि जोगणीचा पाठलाग सुरू झाला की पोर जेवायलाही उठणार नाही.